पोहण्याचा संघ बंद, आणि व्हॉलीबॉलला ९२ हजार माणसं. कॉलेजातले 'बारके' खेळ पैसे मिळवू शकतात का?

सांगलीकरीण (लिंकन, नेब्रास्का)

मंडळी, प्रश्न लांब आहे. चहा घेऊन बसा.

माझी थोरली दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात शिकते. नाव लिहीत नाही, तिची तिथली तीन सेमिस्टर अजून जायची आहेत. पोहते. दोनशे यार्ड ब्रेस्टस्ट्रोक (इथं कॉलेजात मीटर नाही, यार्ड). गेल्या मोसमाच्या शेवटी एका गुरुवारी पहाटेच्या सरावानंतर सगळ्या सत्तावीस पोरींना केस ओले असतानाच एका खोलीत बसवलं आणि अकरा मिनिटांत सांगून टाकलं की पुढच्या वर्षापासून संघ नाही. अकरा मिनिटं हे तिनंच मोजलेलं. पोहणाऱ्या पोरी, त्यांचा डोळा घड्याळावरच असतो.

मग आम्हा पालकांना पत्र आलं. त्यात होतं की संघावर वर्षाला ११ लाख डॉलर खर्च आहे, उत्पन्न जवळजवळ शून्य, त्यामुळे हे 'आर्थिकदृष्ट्या टिकणारं नाही'. ज्यांना स्कॉलरशिप आहे त्यांची पदवीपर्यंत चालू राहील. तलाव इतर विद्यार्थ्यांसाठी उघडा राहील. फक्त संघ नसेल.

मी इथं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत हिशेब बघते. मका आणि सोयाबीन. त्यामुळे 'उत्पन्न शून्य' असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या खात्यावर शून्य?

आता दुसरी बाजू. ३० ऑगस्ट २०२३ ला माझे बाबा इथंच होते. वय ७८, सांगलीजवळच्या एका हायस्कुलातले निवृत्त पीटी मास्तर. त्यांना घेऊन मी मेमोरियल स्टेडियममध्ये गेले. हे स्टेडियम फुटबॉलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं. त्या संध्याकाळी मैदानाच्या मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट मांडलं होतं, आणि नेब्रास्काच्या मुली ओमाहाच्या मुलींशी खेळल्या. आकडा जाहीर झाला ९२,००३. बायकांच्या कुठल्याही खेळाला जगात जमलेली सगळ्यात मोठी गर्दी म्हणून तो नोंदला गेला. त्याआधीचा मान बार्सिलोनाच्या मुलींच्या फुटबॉल (आपला नेहमीचा, सॉकर) सामन्याचा होता, ९१,६४८.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तासगावच्या रथाला सोडलं तर एवढी माणसं मी बघितलेली न्हाईत. तिकीट केवढ्याचं?" मोठ्यांना पंचवीस डॉलर, म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथं तोंडी गुणाकार केला, तेवीस लाख! मग मी सांगितलं की शाळकरी पोरांना पाच डॉलर आहे, तेव्हा जरा हिरमुसले. पण दुसऱ्या सेटला पुन्हा म्हणाले, "आपल्या पोरी मी पदरचे पैसे घालून मिरजेला न्यायचो. एसटीचं तिकीटसुद्धा मीच काढायचो." मीही त्याच पोरींतली, शाळेच्या व्हॉलीबॉल संघात. लिफ्टर होते, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी.

तर प्रश्न असा. फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल सोडून कॉलेजातले बाकीचे खेळ स्वतःच्या पायावर उभे राहू शकतात का? का नेब्रास्काचं व्हॉलीबॉल हा एकच अपवाद? कुणी आतलं माणूस असेल तर सांगा. भावनिक उत्तरं नकोत, ती घरात भरपूर मिळतात.

नारायणपेठी (पुणे)

उत्तर सोपं आहे. स्टेडियम फुटबॉलचं, पार्किंग फुटबॉलचं, टीव्हीचं कंत्राट फुटबॉलच्या जिवावर. व्हॉलीबॉल म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. एक दिवस गर्दी जमवणं वेगळं आणि धंदा चालवणं वेगळं. पोहणं बघायला तिकीट काढून कोण जातं? तुम्ही तरी मुलीची नसती तर गेला असता का?

सांगलीकरीण

नसते गेले. खरं ते खरं.

पण नागोबा म्हणू नका. नेब्रास्कात टेरी पेटिट नावाचा प्रशिक्षक १९७७ मध्ये आला तेव्हा या खेळाला इथं कुणी विचारत नव्हतं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९५ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं! त्यानंतर २००० साली जॉन कुक आला, त्यानं २०००, २००६, २०१५, २०१७ अशी चार आणली. घरच्या मैदानावरची तिकिटं २००१ पासून प्रत्येक सामन्याला संपतात. आधी जुन्या कोलिझियममध्ये खेळायच्या, ते साधारण चार हजारांचं. २०१३ मध्ये दुपटीनं मोठ्या डेव्हानी सेंटरमध्ये आल्या, तरी तिकीट मिळत नाही. हे फुटबॉलच्या बिळातून आलेलं नाही. उलट मधली कित्येक वर्षं फुटबॉल हरत होता आणि व्हॉलीबॉल जिंकत होतं.

दोन गोष्टी मात्र नेब्रास्कापुरत्या आहेत. एक, या राज्यात फुटबॉल-बास्केटबॉल-बेसबॉलचा वरच्या पातळीवरचा एकही व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे लोकांचं सगळं प्रेम विद्यापीठावर. दुसरं, व्हॉलीबॉल रेडिओवर लागतं. सार्वजनिक टीव्हीनंही ते बरीच वर्षं घराघरांत नेलं. आमच्या ऑफिसात धान्याचे ट्रक चालवणारे बाप्ये व्हॉलीबॉलच्या पासिंगवर वाद घालतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

तालीमवाला (आयोवा सिटी)

ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, इथं सतरा वर्षं. कुस्तीची बाजू मी सांगतो.

आमच्या कार्व्हर-हॉकआय अरेनात आयोवाची कुस्ती असली की बाहेर बर्फ पडत असतो आणि आत घामाचा वास. बायका, म्हातारी, कडेवर पोरं, सगळे. शेजारचा शेतकरी मला पहिल्या वर्षी 'टेकडाऊन'चे (गड्याला खाली घेण्याचे) गुण समजावून सांगत होता, मी म्हटलं आज्जा, माझा आजा गंगावेशीच्या तालमीतला, तू मला शिकवतोस? तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी बसतो.

हे सगळं डॅन गेबल नावाच्या माणसानं उभं केलं. १९७६ ते १९९७ प्रशिक्षक होता, त्यात १५ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यानं प्रशिक्षकपद सोडल्यावरही प्रेक्षक टिकले, हे महत्त्वाचं. १४ नोव्हेंबर २०१५ ला फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये उघड्यावर आयोवा विरुद्ध ओक्लाहोमा स्टेट कुस्ती लावली, ४२,२८७ लोक आले. मी होतो. खासबागेत बसल्यासारखं वाटलं, फक्त हलगी नव्हती. आयोवा १८–१६ नं जिंकली, नाद खुळा!

आता पैशाचं. कुस्तीत तिकिटापेक्षा मोठी रक्कम देणगीची. इथले जुने मल्ल आणि त्यांचे चाहते कुस्तीसाठी म्हणून वेगळा चेक फाडतात. २०२४ मध्ये कुस्तीची स्वतंत्र नवी इमारत उघडली, देणगीदाराचं नाव दारावर आहे. सीझन तिकीट लोक मृत्युपत्रात लिहून ठेवत असतील तर मला आश्चर्य वाटायचं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाचंही तसंच. तिकडं घरची जागा साडेसहा हजारांची, पण मोठी लढत बास्केटबॉलच्या अरेनात नेली की पंधरा हजार जमतात.

पण ऐका, याच आयोवानं ऑगस्ट २०२० मध्ये चार संघ एका दिवसात बंद केले. पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, टेनिस, आणि पोहणं पुरुष-महिला दोन्ही. ज्या विद्यापीठाच्या तलावात १९३० च्या दशकात आर्मब्रस्टर मास्तरांनी बटरफ्लायला आकार दिला, तिथलं पोहणं. मग मुली कोर्टात गेल्या, टायटल नाइनखाली. १९७२ चा तो कायदा, मुलींना खेळाची बरोबरीची संधी द्या म्हणतो. न्यायाधीशांनी स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलींचा संघ परत आला. मुलांचा नाही आला. म्हणजे वाचवलं कायद्यानं, हिशेबानं नव्हे. ताई, तुमच्या पालकांनी वकील गाठला का?

त्यानंतर इथं मुलींची कुस्ती सुरू झाली. पहिल्याच मोसमात, २०२४ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद आणलं. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएनं (कॉलेजांच्या खेळांची देशभरची संघटना) मुलींच्या कुस्तीला आपली ९१ वी अधिकृत स्पर्धा म्हणून मान्यता दिली. आज पैसे मिळवते का? नाही. पण गेबलच्या आधीची पुरुषांची कुस्ती तरी कुठं मिळवत होती?

आणि आपल्याकडचं एक. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. पोरानं कांस्यपदक आणलं. त्या सात हजारांचं उत्पन्न कुठल्या खात्यावर धरायचं, पुणेकर?

नारायणपेठी

गहाणखतावर.

खतावणी (ओहायो)

सांगलीकरीणताई, तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून मोकळेपणानं लिहिते. मी एका छोट्या खासगी कॉलेजच्या वित्त विभागात चौदा वर्षं आहे. अकराशे विद्यार्थी. डिव्हिजन थ्री. म्हणजे आमच्याकडे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, तसा नियमच आहे. टीव्ही नाही, तिकीट नाही. कुस्तीला साठ माणसं बसलेली असतात, त्यात चाळीस आईबाप.

आणि तरी आमच्याकडे खेळ पैसे मिळवतात. खरं तर कॉलेज त्यांच्यावरच उभं आहे. कसं ते सांगते.

आमची छापील फी ४१,००० डॉलर. ती पूर्ण कुणीच भरत नाही. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्याला सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. आमच्या हातात एका मुलामागे १७,००० च्या आसपास पडतात, खोली आणि मेस वेगळी. कुस्तीच्या संघात ३२ मुलं. म्हणजे ५,४४,००० डॉलर. प्रशिक्षक, त्याचा मदतनीस, बस, मॅट, विमा, फिजिओचा वाटा असं सगळं धरून खर्च १,९०,०००. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, वसतिगृहातल्या खाटा नाहीतर रिकाम्याच राहिल्या असत्या. बाकी गणित तुम्हीच करा.

म्हणून आमच्याकडे प्रशिक्षकाला जिंकण्याचं टार्गेट नसतं, ॲडमिशनचं असतं. कुस्तीवाल्यानं दरवर्षी बारा नवी मुलं आणायची. सलग दोन वर्षं सात-आठच आली की त्याची गच्छंती, मग कितीही सामने जिंकलेले असोत. प्रेक्षक हे गिऱ्हाईक नाहीच, खेळाडू हेच गिऱ्हाईक. मिशिगनमधल्या ॲड्रियन कॉलेजानं २००५ नंतर हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मैदानं बांधली, एकामागून एक खेळ वाढवले, आणि हजाराच्या आत आलेली विद्यार्थीसंख्या काही वर्षांत दीड हजारावर नेली. मग सगळ्यांनी नक्कल केली.

नक्कल झाली की मजा जाते. आमच्या पन्नास मैलांत आता चार कॉलेजांत लॅक्रोस (जाळीच्या काठीनं चेंडू खेळायचा खेळ) आहे, मुलं तेवढीच. आमच्या लॅक्रोसनं पहिल्या वर्षी ३८ मुलं आणली, सगळे खूश, दोन वर्षांत १५ सोडून गेली. चार वर्षांची फी धरून आम्ही मैदानाचं कर्ज काढलं होतं. त्या कागदावर माझीपण सही आहे, म्हणून आकडा पाठ.

आता तुमच्या ११ लाखांकडे येते. मुलीच्या विद्यापीठाची छापील फी किती, आणि सत्तावीस जणींत मिळून पूर्ण स्कॉलरशिप किती?

सांगलीकरीण

फी ५२,०००. पोहण्यात एकीची स्कॉलरशिप तिघींत वाटतात, तुम्हाला माहीतच असेल. सगळ्या मिळून नऊ पूर्ण स्कॉलरशिप होतात असं प्रशिक्षिका म्हणाल्या. बाकीचं आम्ही पालक भरतो, थोडी गुणवत्तेची सूट सोडून.

खतावणी

मग बघा. नऊ गुणिले ५२,००० म्हणजे ४,६८,०००. हा खर्च क्रीडा विभागानं कुणाला दिला? विद्यापीठालाच. डाव्या खिशातून उजव्या. क्रीडा विभागाच्या वहीत तो खर्च दिसतो, विद्यापीठाबाहेर एक दमडी गेलेली नाही. तेव्हा खरा बाहेर जाणारा खर्च ६,३२,०००.

उरल्या अठरा जणींइतकी फी. सूट जाऊन हाती २४,००० येतात असं समजू. ४,३२,०००. ही रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यावर जमा होते, पोहण्याच्या नावावर नाही. म्हणून पत्रात 'उत्पन्न शून्य'. राहिला दोन लाखांचा खड्डा. त्यात तलावाच्या देखभालीचा वाटा धरलेला असणारच, आणि तलाव तर उघडाच राहणार आहे. शिवाय आहेत त्या मुलींच्या स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं बचत फारशी नाहीच.

पण थांबा, लगेच कुणाला मेल करू नका. हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. त्या सत्तावीस जागा रिकाम्या राहिल्या तरच. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाबाहेर प्रवेशासाठी रांग असेल, तर पोहणारी गेली की तिच्या जागी दुसरी येते, कदाचित कमी सूट घेऊन. तिथं माझं गणित कोसळतं. माझ्या कॉलेजात पोहणं फायद्याचं ठरतं आणि श्रीमंत विद्यापीठात तोट्याचं, तेच पाणी, त्याच पोरी.

सांगलीकरीण

रांग आहे. लांबलचक आहे.

पण उत्तर प्रामाणिक दिलंत. इतक्या दिवसांत आकडे मांडून बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या.

जाहिरातदार (न्यू जर्सी)

मी टीव्हीच्या जाहिराती विकतो. तिकीट आणि फीवर सगळे बोलले, प्रक्षेपणाच्या हक्कांवर कुणी बोललं नाही.

नारायणपेठी म्हणाले की टीव्हीचं कंत्राट फुटबॉलच्या जिवावर. अर्धं बरोबर. बिग टेनचं (नेब्रास्का, आयोवा ज्यात खेळतात तो विद्यापीठांचा गट) २०२२ चं कंत्राट फॉक्स, सीबीएस, एनबीसी मिळून सात वर्षांचं आणि सात अब्ज डॉलरच्या वरचं. ते फुटबॉलनंच आणलं, वाद नाही. पण त्या गाठोड्यात व्हॉलीबॉल, कुस्ती, मुलींचं बास्केटबॉल बांधलेलं असतं, आणि त्यांची वेगळी किंमत कुणी कधी लावलेलीच नसते. भाजीवाल्यानं भाजीवर कोथिंबीर फुकट टाकावी आणि वर्षअखेरीला म्हणावं की कोथिंबिरीचं उत्पन्न शून्य. अहो, विकलीच कुठं तुम्ही?

जिथं विकली तिथं काय झालं बघा. २९ ऑक्टोबर २०२३ ला फॉक्सनं विस्कॉन्सिन–मिनेसोटा व्हॉलीबॉल एनएफएलच्या (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या) सामन्याला लागून दाखवलं. १६ लाखांवर प्रेक्षक. त्याच डिसेंबरात टेक्सास–नेब्रास्का अंतिम सामना पहिल्यांदा एबीसीवर, जवळपास १७ लाख. मी त्या आठवड्यात एका विमा कंपनीला फोन करून म्हटलं होतं, पुढच्या वर्षी हा भाव राहणार नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण मुलींच्या बास्केटबॉलचं. २०२१ मध्ये ओरेगनच्या खेळाडूनं, सेडोना प्रिन्सनं, एक व्हिडिओ टाकला. मुलांना भली मोठी जिम, मुलींना डंबेल्सचा एक स्टँड. ओरड झाली, एनसीएएला बाहेरच्या वकिलांकडून अहवाल करून घ्यावा लागला. त्यात तज्ज्ञांनी सांगितलं की मुलींच्या स्पर्धेचे हक्क एकटे विकले तर २०२५ पासून वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर मिळू शकतात. तोवर ते दोन डझनांहून जास्त इतर स्पर्धांसोबत एका गाठोड्यात जात होते. 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा मुलींना २०२२ पर्यंत वापरू देत नव्हते! जानेवारी २०२४ मध्ये ईएसपीएनशी नवं कंत्राट झालं. आठ वर्षं, ९२ कोटी, ४० स्पर्धा. पुन्हा गाठोडंच. त्यातला मुलींच्या बास्केटबॉलचा वाटा वर्षाला साडेसहा कोटी धरला. सही झाल्यावर तीन महिन्यांत आयोवाच्या केटलिन क्लार्कचा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितला, मुलांचा १ कोटी ४८ लाखांनी. माझ्या धंद्यात याला स्वस्तात माल उचलणं म्हणतात.

वजाबाकी करा. वर्षाचे साधारण साडेअकरा कोटी, त्यातले साडेसहा गेले, राहिले पाच. त्यात ३९ स्पर्धा. पोहणं त्यातच कुठंतरी आहे, दहा-बारा लाखांच्या खाली-वर. ताई, पोहण्याची सुटी, वेगळी किंमत माझ्याही डोक्यात नाही. प्रेक्षक चार वर्षांतून एकदा येतो, ऑलिम्पिकला.

खतावणी

जाहिरातदार, एक भर. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. बहुतेक ठिकाणी त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला आणि उरलेल्यातला मोठा पुरुषांच्या बास्केटबॉलला. हे पैसे छापून येत नाहीत, कुणाच्या तरी ताटातून काढावे लागतात. म्हणजे पत्रात 'टिकणारं नाही' असं जे लिहितात, त्याचा अर्थ पुष्कळदा 'तुमच्यापेक्षा क्वार्टरबॅक (फुटबॉल संघाचा मुख्य खेळाडू) महाग झाला' असा असतो.

याच तडजोडीत स्कॉलरशिपची संख्यामर्यादा जाऊन संघाच्या आकाराची मर्यादा आली. कुस्तीला आधी ९.९ स्कॉलरशिप देता यायच्या, आता ३० जणांपर्यंत सगळ्यांना देता येतात. व्हॉलीबॉल १२ वरून १८. ऐकायला छान. पण देता येतात म्हणजे कुणी देतं असं नाही, आणि तीस म्हणजे तीस. पस्तिसावा मुलगा, जो स्वतःच्या खिशातून फी भरून सरावाला यायचा, तो बाहेर. नेमका फी भरणारा गिऱ्हाईकच घालवला. हे ज्यानं ठरवलं त्यानं आमच्यासारख्या कॉलेजात एक वर्ष उमेदवारी करायला हवी होती.

तालीमवाला

स्टॅनफर्डचं पण सांगायला हवं. जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करायची घोषणा केली, त्यात कुस्ती. मार्च २०२१ मध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव नसलेली काळी लंगोट (म्हणजे सिंगलेट हो!) घालून उतरला आणि राष्ट्रीय विजेता झाला. मे महिन्यात अकराच्या अकरा परत. माजी खेळाडूंनी देणग्यांचा आणि दाव्यांचा असा रेटा लावला की मॅनेजमेंटनं हात टेकले. अब्जावधींचा निधी असलेल्या विद्यापीठाला पैसे नव्हते असं नाही, धाक नव्हता.

ताई, तुमच्या पोरीच्या संघाच्या माजी पोहणाऱ्या किती? पन्नास वर्षांच्या मिळून सहा-सातशे तरी असतील. त्यांना आजवर कुणी पत्र लिहिलं का?

सांगलीकरीण

उशीर झाला उत्तराला, मक्याची आवक सुरू आहे.

मी केंद्राच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन मुलीच्या विद्यापीठाचे आकडे काढले. खासगी असलं तरी ते दरवर्षी तिथं भरावे लागतात, कुणालाही बघता येतात. गंमत अशी की फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून जवळजवळ प्रत्येक खेळाचं उत्पन्न आणि खर्च तंतोतंत सारखे दाखवलेत, डॉलरला डॉलर. म्हणजे तोटा विद्यापीठानं भरला आणि तोच 'उत्पन्न' म्हणून लिहिला. आमच्या संस्थेत मी असं लिहिलं असतं तर ऑडिटरनं मला दारात उभं केलं असतं. त्या तक्त्यात आमचं पोहणं ना नफ्यात ना तोट्यात. पत्रात मात्र ११ लाखांचा खड्डा. मी दोन्ही कागद एकाखाली एक लावून क्रीडा संचालकांना पाठवले. उत्तर आलं, 'तुमच्या भावना आम्ही समजतो.' भावना मी लिहिलीच नव्हती!

माजी पोहणाऱ्यांचं तालीमवाले बरोबर बोलले. प्रशिक्षिकेकडे ६४० जणींची यादी निघाली. विद्यापीठाच्या देणगी विभागाकडे यातल्या कितीजणी पोहणाऱ्या म्हणून नोंदल्यात विचारलं, तर उत्तर आलं, तसा रकानाच नाही. मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आता रोज रात्री वीस-वीस जणींना लिहितात. एकजण १९८६ ची निघाली, दातांची डॉक्टर. तिनं विचारलं, "इतकी वर्षं मला कुणी काही मागितलं का नाही?" अजून रक्कम मोठी नाही. नारायणपेठी, तुम्हाला हसायचं तर हसा.

वकील गाठला नाही. मुलगी नको म्हणते, तिला तिथंच राहून पदवी घ्यायची आहे.

बाबा जानेवारीत पुन्हा येताहेत. व्हॉलीबॉलचा मोसम तोवर संपलेला असतो, म्हणून त्यांना कुस्ती दाखवायचं म्हणते. तालीमवाले, कार्व्हरची दोन तिकिटं मिळतील का?

तालीमवाला

खिडकीवर नाही मिळायची, सीझनलाच संपतात. पण शेजारचा आज्जा जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय. त्याची दोन सांगून ठेवतो. मास्तरांना जाड जॅकेट आणायला सांगा, पार्किंगपासून लई चालावं लागतं.

नारायणपेठी

हसलो नाही. ती दातांची डॉक्टर किती देणार म्हणाली?

सांगलीकरीण

पाचशे. आणि म्हणाली, दरवर्षी.